मोटारीच्या पोटांतील उपरीं यंत्रें

कल्याणहून शिळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यानें डोंबिवलीच्या हद्दींत शिरलें म्हणजे ‘प्रीमिअर’ हें नांव अजून कानीं पडतें. प्रीमिअर मैदान, प्रीमिअर कॉलनी हे शब्द रिक्षावाल्यांच्या तोंडीं सहज असतात. पण ज्या कारखान्यावरून हीं नांवें पडलीं, त्यांतून मोटारगाडी बाहेर पडतांना आजच्या शाळकरी मुलांनीं पाहिलेली नाहीं. १९८५ सालीं बाजारांत आलेली ‘११८ एन. ई.’ आणि पुढें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या भागीदारींत निघालेली ‘३०९’ या गाड्या येथेंच तयार होत. मूळ कारखाना मात्र कुर्ल्याचा. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ सालीं तिची पहिली गाडी रस्त्यावर आली. सोलापूरच्या या गृहस्थांनीं जहाजें, विमानें आणि मोटारी अशा तिन्ही धंद्यांत हात घातला होता. परंतु तो मोठा इतिहास वेगळा आहे. येथें पाहावयाचें तें एवढेंच कीं, या कंपनीनें मोटारीचें जें इंजिन आपल्या लोकांच्या हातीं दिलें, तशा इंजिनांभोंवतीं पुढें काय काय बसविण्यांत आलें, त्यांतलें काय काय काढून टाकण्यांत आलें, आणि तें कां काढलें.

कुर्ल्याच्या कारखान्याची खरी कीर्ति झाली ती इटलींतील फियाट कंपनीच्या ‘११००’ या गाडीमुळें. हीच गाडी १९७४ पासून ‘प्रीमिअर पद्मिनी’ या नांवानें विकली जाऊं लागली. तिचें इंजिन चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटरचें, आणि ताकद चाळीस अश्वशक्तींच्या आसपास. आजच्या मानानें ही ताकद थोडी. पण या इंजिनाचा मोठा गुण असा कीं, तें उघडेंबोडकें होतें. बॉनेट वर उचललें कीं इंजिनाच्या बाजूंनीं खालची जमीन दिसे. एक कार्ब्युरेटर, एक डिस्ट्रिब्युटर, पाण्याचा पंप, पंखा, डायनामो आणि त्यांना फिरविणारा रबरी पट्टा, एवढाच संसार. मेस्त्रीचा हात कोठेंहि शिरे. गाडी रस्त्यांत बंद पडली तर चार पाने, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि पाण्याचा डबा यांवर बहुतेक काम भागे.

ठाणें, कल्याण, भिवंडी या पट्ट्यांतील मेस्त्र्यांची एक अख्खी पिढी अशा इंजिनांवर शिकली. तिला शाळा नव्हती आणि पुस्तकहि नव्हतें. गॅरेजांत कोवळ्या वयाचा पोर चहा आणावयास आणि सामान धुवावयास राही, आणि पांच-सात वर्षांनीं कानानें इंजिन ओळखूं लागे. त्याच्या मनांत इंजिनाची जी मूर्ति ठसली, ती या उघड्या इंजिनाची. हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तिघांहून जें जास्त, तें उपरें. पुढें जें घडलें तें समजण्यास ही मूर्ति ध्यानांत ठेविली पाहिजे.

इंजिनाला कांहीं जोडणें आणि काम सरलें कीं तें तोडणें, ही रीति पद्मिनीच्या आधींची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४१ सालीं, हिंदुस्थानांत पेट्रोलवर नियंत्रण आलें. तेव्हां प्रवासी मोटारींना लोखंडी भट्टी जोडून लांकडी कोळशाच्या गॅसवर त्या चालविण्यांत येऊं लागल्या. कोळसा अपुऱ्या हवेंत जाळला म्हणजे त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो. तो गाळून, थंड करून इंजिनांत सोडावयाचा. सकाळीं गाडी निघण्यापूर्वीं भट्टी पेटवून वाट पाहावयाची, आणि चढण लागली कीं गाडीचा दम उखडे. पेट्रोल मोकळें झाल्यावर या भट्ट्या निघाल्या आणि त्यांच्यासाठीं कोणी हळहळलें नाहीं. यांतला चमत्कार असा कीं, तेव्हां जो वायु इंजिनाचें अन्न होता, तोच अर्ध्या शतकानें मोटारीच्या धुरांतील मोजण्याजोगें विष म्हणून सरकारी नियमांत दाखल झाला.

पद्मिनीच्या जमान्यांत जीं उपरीं यंत्रें आलीं, त्यांतलें पहिलें थंड हवेचें. मोटारींत थंड हवा खेळविण्याची कल्पना अमेरिकेंतील. पॅकार्ड कंपनीनें १९३९ च्या अखेरीस अशी गाडी लोकांपुढें मांडली. त्या यंत्रानें मागच्या डिकीची बरीचशी जागा व्यापली होती. पुढें यंत्र आटोपशीर झालें, पण त्याची मूळ रीति बदलली नाहीं. इंजिनाच्या पट्ट्यावर एक कॉम्प्रेसर फिरतो आणि एका विशिष्ट वायूला दाबतो. दाबून तापलेला वायु रेडिएटरच्या पुढें बसविलेल्या जाळींत निवतो आणि द्रवरूप होतो. तोच द्रव डॅशबोर्डाखालच्या दुसऱ्या जाळींत मोकळा झाला कीं भोंवतालची उष्णता ओढून घेतो. म्हणजे गाडींतील उष्णता बाहेर नेऊन टाकणारा हा एक हमालच. त्याची मजुरी मात्र इंजिनाला द्यावी लागते.

धनिक मालक पद्मिनीसारख्या गाडीला हें यंत्र बाहेरून बसवून घेत. जवळ घोडे चाळीस, त्यांतले कांहीं कॉम्प्रेसरच्या दावणीला बांधावयाचे आणि उरलेल्यांनीं पांच माणसें ओढावयाचीं. शिवाय रेडिएटरच्या तोंडापुढें गरम जाळी उभी राहिल्यानें इंजिनाला थंड वारा मिळेनासा होई. कसाऱ्याच्या घाटांत पाणी उकळूं लागलें कीं थंड हवा बंद करून कांचा खालीं घ्याव्या लागत. मग तें यंत्र म्हणजे केवळ ओझें. थोड्या उन्हाळ्यांनंतर मालक मेस्त्रीला म्हणे, ‘काढून टाका हें.’ आणि मेस्त्री आनंदानें काढी. पट्टा उतरविला, कॉम्प्रेसरचे बोल्ट सोडले, पुढची जाळी काढली, नळ्यांचीं तोंडें बंद केलीं, कीं झालें. पद्मिनीचा पंख्याचा पट्टा वेगळा असल्यानें इंजिन पूर्ववत् चालूं लागे. पुढच्या काळांतील गाड्यांत एकच लांब पट्टा सर्व पुल्या फिरवूं लागला. तेथें कॉम्प्रेसर काढला तर कमी लांबीचा पट्टा शोधावा लागतो किंवा त्याच्या जागीं मोकळी पुली बसवावी लागते. एवढीच काय ती अडचण.

एक गोष्ट मात्र मेस्त्रीच्या हिशेबांत नव्हती. नळीचा नट सैल केला कीं ‘फुस्स’ असा आवाज होई आणि आंतला वायु उडून जाई. त्याला वास नाहीं, रंग नाहीं, तो जळत नाहीं, श्वासांत गेला तरी सहसा बाधत नाहीं. म्हणून तो निरुपद्रवी समजला जाई. अमेरिकेंतील टॉमस मिडग्ली आणि त्याच्या सोबत्यांनीं १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो शीतयंत्रांसाठीं शोधून काढला तोच मुळीं निरुपद्रवी म्हणून. १९७४ सालीं, म्हणजे पद्मिनीला तिचें नांव मिळालें त्याच वर्षीं, मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, अशा जातीचे वायु आकाशांत फार उंच चढतात आणि सूर्याचे जहाल किरण अडविणारा ओझोन वायूचा थर खाऊन टाकतात. १९८७ सालीं माँट्रिअल येथें राष्ट्रांचा करार झाला आणि १९९२ सालीं भारत त्यांत सामील झाला. त्यानंतर मोटारींत जो दुसरा वायु आला, तो ओझोनला धक्का लावीत नाहीं. पण पृथ्वी तापविण्याच्या कामीं तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारांहून अधिक पट जबर आहे. म्हणून वायु हवेंत न सोडतां यंत्रानें ओढून टाकींत भरून घ्यावा, ही खरी रीत. ती पाळणाऱ्या गॅरेजाचे दर चार पैसे अधिक असतात, आणि गिऱ्हाईक दर पाहून गॅरेज निवडतें.

हें एवढें सोडलें, तर थंड हवेचें यंत्र काढणें हा मालकाच्या घरचा प्रश्न होता. घाम त्यालाच यावयाचा. दुसऱ्या यंत्राची गोष्ट अशी नाहीं.

तें दुसरें यंत्र धुरासाठीं. अमेरिकेंत लॉस एंजेलिस शहरावर एक पिवळसर धुकें दाटून राही आणि लोकांचे डोळे चुरचुरत. हाखेन-स्मित नांवाच्या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञानें १९५० च्या सुमारास सिद्ध केलें कीं, हें धुकें मोटारींच्या धुरावर ऊन पडून तयार होतें. तेथून इंजिनावर नव्या नळ्या चढूं लागल्या. इंजिनाच्या तळच्या पेटींत सांचणारी वाफ पूर्वीं एका नळीनें रस्त्यावर सोडून देत. ती परत हवेच्या वाटेनें इंजिनांत जाळण्याची व्यवस्था प्रथम झाली. मग १९७५ च्या सुमारास अमेरिकेंतील नव्या गाड्यांना धुराच्या नळींत एक डबा बसूं लागला. त्याच्या आंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनीमातीची वीट असते, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा अगदीं पातळ लेप. तापलेला धूर त्या छिद्रांतून जातांना कार्बन मोनॉक्साइडचें रूपांतर कमी घातक वायूंत होतें. याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. गॅरेजांत नुसतें ‘कॅट’.

भारतांत १९८९ च्या केंद्रीय मोटार नियमांनीं धूर मोजण्याची प्रथा आणली. चारचाकी पेट्रोल गाडी जागच्या जागीं चालूं असतां धुरांत कार्बन मोनॉक्साइडचें प्रमाण शेंकडा ३ हून अधिक नसावें, असें ठरलें. हीच पी. यु. सी. ची परीक्षा. पद्मिनी ती कार्ब्युरेटरचा एक स्क्रू फिरवून पास होई. आणि परीक्षा झाल्यावर तोच स्क्रू पुन्हां जुन्या जागीं येई, हें सर्व जाणत. पुढें १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला.

येथें मिडग्ली पुन्हां आडवा येतो. शीतयंत्राचा वायु शोधण्याच्या आधीं, १९२१ सालीं, याच माणसानें पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग मिसळलें तर इंजिन ठोकत नाहीं हें शोधून काढलें होतें. जगभर तेंच पेट्रोल चालूं झालें. शिसें हें लहान मुलांच्या मेंदूला विष आहे. आणि कॅटच्या आंतील मौल्यवान लेपावर शिसें बसलें कीं तो लेप निकामी होतो. म्हणून चार महानगरांत शिसेंविरहित पेट्रोल आलें. पण साऱ्या देशांतून शिशाचें पेट्रोल गेलें तें १ फेब्रुवारी २००० रोजीं. मधल्या काळांत महानगरांत घेतलेली कॅटची गाडी घेऊन कोणी दूरच्या गांवीं गेला आणि तेथें जें मिळालें तें पेट्रोल त्यानें भरलें, तर त्याचा कॅट दोन-चार टाक्यांत मरे. मेलेला कॅट धूर शुद्ध करीत नाहीं, आणि तुंबला तर इंजिनाचा गळा मात्र आवळतो. भेसळीच्या पेट्रोलनें आणि तेल जाळणाऱ्या झिजल्या इंजिनानें तीच गत होते. अशी गाडी गॅरेजांत आली कीं मेस्त्री नळी सोडी, आंतली वीट फोडून बाहेर काढी आणि पोकळ डबा पुन्हां जागीं बसवी. गाडी मोकळा श्वास घेई. मालक म्हणे, पिकअप् वाढला. मेस्त्रीचा समज पक्का होई कीं, उपरें निघालें आणि इंजिन सुखी झालें. त्याची कसोटी खोटी नव्हती. ती तुंबलेल्या कॅटवर घेतलेली होती, एवढेंच. चांगल्या स्थितींतील कॅट काढल्यानें पदरीं फारसें कांहीं पडत नाहीं. फोडलेल्या विटेंतील धातूंना मोल असतें. त्याचाहि मोह कोठें कोठें होताच.

या दोन यंत्रांत जो भेद आहे, तो इंजिनशास्त्राचा नव्हे. थंड हवेचें यंत्र गाडीच्या आंत बसणाऱ्यासाठीं असतें. कॅट गाडीच्या बाहेर असणाऱ्यासाठीं. पहिलें बिघडलें तर आंतला माणूस पहिल्याच सिग्नलला तक्रार करतो. दुसरें काढून टाकलें तर आंतल्याला कळतहि नाहीं, आणि बाहेरच्याला कोणत्या गाडीनें आपल्याला काय पाजलें हें कधींच समजत नाहीं. कल्याणचा जुना पत्रीपूल १९१४ चा. तो धोकादायक ठरून २०१८ च्या नोव्हेंबरांत पाडला गेला आणि नवा पूल २०२१ च्या जानेवारींत खुला झाला. मधलीं दोन-सवादोन वर्षें शेजारच्या एका पुलावर सारी वाहतूक दाटली होती. इंजिनें चालूं ठेवून गाड्या तिष्ठत उभ्या. मोटारींतल्यांच्या कांचा बंद, आणि शेजारीं उघड्या रिक्षेंत दप्तर मांडीवर घेतलेलीं मुलें. कॅट कोणासाठीं हें पाहावयाचें असेल तर तें अशा ठिकाणीं दिसतें.

बाहेरच्या माणसाची बाजू अखेर न्यायालयांत मांडावी लागली. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या संस्थेनें १९९९ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत अर्ज केला. परिवहन आयुक्त व्ही. एम्. लाल यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. आणि २००१ च्या ऑक्टोबरांत न्यायालयानें पंधरा वर्षांहून जुन्या टॅक्सी सी. एन्. जी. सारख्या स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. त्यामुळें मुंबईच्या पद्मिनींच्या डिकींत गॅसची टाकी आली आणि उतारूंचें सामान टपावरच्या कॅरिअरवर चढलें. टॅक्सीवाल्यांनीं आरंभीं कुरकुर केली, मग गॅस स्वस्त पडतो हें पाहून ते गप्प बसले. जें यंत्र बाहेरच्यासाठीं बसविलें, त्यानें आंतल्याचाहि खिसा राखला. असा योग क्वचित् येतो, आणि म्हणूनच तें यंत्र कोणी काढलें नाहीं.

डिझेलच्या बाबतींत असा योग आला नाहीं. ठाणें-कल्याण-भिवंडीच्या रस्त्यांवर गोदामांचा माल वाहणाऱ्या गाड्यांचा राबता मोठा. युरोपच्या धर्तीवर २००० पासून भारतांत टप्प्याटप्प्यानें जे नियम आले, त्यांमुळें डिझेल इंजिनावर ई. जी. आर्. नांवाचा झडपेचा जोड आला. इंजिनांतून निघालेला थोडा धूर पुन्हां इंजिनांत सोडावयाचा, म्हणजे आंतली आंच मंदावते आणि नायट्रोजनचे जहरी वायु कमी बनतात. पण धुराबरोबर काजळीहि परत येते. झडप चिकटते, हवेची वाट काजळीनें भरते, आणि गाडी अडखळूं लागते. मेस्त्री मग जोडाच्या तोंडावर पत्र्याची एक चकती बसवून तो मार्ग बंद करतो. खर्च थोडा, गुण लगेच. आणि यांतली खरी मेख पुढेंच आहे. डिझेल गाडीची पी. यु. सी. परीक्षा काळा धूर मोजते. नायट्रोजनचे वायु मोजतच नाहीं. ई. जी. आर्. बंद केला कीं आंच वाढते आणि काळा धूर बहुधा कमीच होतो. तेव्हां चकती बसविलेली गाडी परीक्षेंत अधिक चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण व्हावयाची, आणि जें विष वाढलें तें डोळ्यांना दिसावयाचेंच नाहीं! परीक्षकाच्या प्रश्नपत्रिकेंत जो धडा नाहीं, तो विद्यार्थी कशाला वाचील?

पेट्रोलच्या परीक्षेंत सुधारणा झाली. २००४ पासून कॅट असलेल्या नव्या पिढीच्या गाड्यांना ३ ऐवजीं अर्धा टक्का ही मर्यादा लागली, आणि पोकळ कॅटची गाडी तेथें सांपडूं लागली. शिवाय आतांच्या इंजिनांत धुराच्या नळींत प्राणवायु मोजणारा सेन्सर असतो आणि त्याच्या सांगण्यावरून पेट्रोल किती फवारावयाचें हें संगणक ठरवितो. २०१३ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना स्वतःची तपासणी करणारी पूर्ण व्यवस्था आवश्यक झाली. कॅट काढला कीं डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागतो. येथें पद्मिनीवर शिकलेल्या मेस्त्रीची मूर्ति भंगते. या इंजिनांत हवा, पेट्रोल आणि ठिणगी यांच्या हिशेबांतच तें चौथें धरलेलें असतें. तें उपरें राहिलेलें नाहीं. तरी दिवा बंद करण्याच्याहि युक्त्या निघाल्या आहेत, हें खेदानें नमूद केलें पाहिजे.

कायदा मात्र आतां स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ घडणींत मनमानी फेरफार करूं देत नाहीं. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें त्या कलमाचा अर्थ कडक लावला, आणि त्याच वर्षाच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफाराला मालकास ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली. येथें मेस्त्रीची बाजूहि सांगितली पाहिजे. तुंबलेला कॅट बदलावयाचा तर नव्याची किंमत जुन्या गाडीच्या मालकाला डोईजड होते; ई. जी. आर्. नीट साफ करण्यास अर्धा दिवस जातो, चकती बसविण्यास अर्धा तास. गिऱ्हाईक उभें राहून घाई करतें. त्या घटकेला बाहेरचा माणूस गॅरेजांत हजर नसतो, आणि हजर असलेल्या दोघांचें एकमत असतें.

पद्मिनीची कथा त्यानंतर फार उरली नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिचें उत्पादन थांबलें. मुंबईंत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजीं. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यानें २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीहि रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या आहेत. घरगुती मालकीच्या कांहीं पद्मिनी हौसेनें जपून ठेवलेल्या दिसतात. दर पांच वर्षांनीं त्यांची पुन्हां तपासणी होते आणि त्यांना पर्यावरण कर भरावा लागतो. त्यांच्या इंजिनावरून काढण्यासारखें मात्र पहिल्यापासूनच कांहीं नाहीं. बॉनेट उचललें कीं अजून खालची जमीन दिसते.